पावसापर्यंतची झोप

अन्याय झाला तो एका चोवीस वर्षांच्या बाईवर. माघातल्या शुक्रवारी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ नक्की सांगता येते, कारण मी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो काढले होते आणि फोनमध्ये वेळ पडते. अन्याय केला मी. ती बाई तेव्हा माझ्यापासून दहा पावलांवर झोपली होती, आणि तिची झोप मोडू नये म्हणून मी अगदी हलक्या हातानं घासत होते.

तिचं नाव इथे येणार नाही. गावाचंही नाही. आर्वी तालुका, रोहण्याच्या पुढे, सागाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, एवढं पुरे. नाव लिहू नको असं तिनंच सांगितलं.

मी वर्ध्यात राहते. आमचा सात-आठ पोरापोरींचा गट आहे. शाळेची बस बंद झाली, वसतिगृहाच्या टाकीत किडे निघाले, की आम्ही पत्रक काढतो, स्टँडवर वाटतो, कचेरीसमोर बसतो. पत्रक लिहायचं मला शिकवलं गेलं ते असं: पहिल्या ओळीत कुणावर काय झालं ते सांग, शेवटच्या ओळीत काय पाहिजे ते माग, मध्ये रडगाणं नको. मागचा सगळा हिवाळा घोषणा देऊन माझा घसा बसला होता. गटातली मोठी ताई म्हणाली, "जा कुठंतरी आठवडाभर. नाही तर तू आम्हालाच घोषणा द्यायला लागशील." मला जुन्या देवळांचा नाद आहे. देवाशी माझं विशेष पटत नाही, दगडाशी पटतं. म्हणून मंगळवारी सकाळी एसटीत बसले.

बस फाट्यावर सोडून निघून गेली आणि मागे जी शांतता उरली तिच्यात मी बराच वेळ तशीच उभी होते. एका बाजूला संत्र्याची बाग, दुसऱ्या बाजूला कापलेल्या तुरीचे खुंट. पायवाट चढून वर गेलं की झाडीच्या मधोमध देवळं. मुळात चार होती. एकच उभं आहे, हेमाडपंती, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं. बाकी तिघांचे चौथरे उरलेत आणि त्यांच्या आजूबाजूला दगड असे पसरलेत, जसं कुणीतरी मोठ्या घरातलं सामान आवरायला काढलं आणि मध्येच उठून गेलं. हत्तीचा अर्धा चेहरा गवतात. खांबाचा तुकडा उपडा, त्यावर सरडा. मागे पायऱ्यांची बावडी, तिच्यात हिरवं, हलत नसलेलं पाणी.

राहायची सोय देवळाची झाडलोट करणाऱ्या आजींकडे झाली. गावातलं शेवटचं घर त्यांचं. त्यांनी माझी पिशवी बघितली, बूट बघितले, आणि विचारलं, "लिहायले आली का फोटो काढायले?"

"दोन्ही."

"मंग जेव आधी. दोनी कामं उपाशीपोटी होत नाईत."

पहिले दोन दिवस मी काय केलं हे नीट सांगता येत नाही. म्हणजे केलं काहीच नाही. सकाळी वर जायचं. मंडपाच्या दगडावर पाठ टेकायची. छतात कमळ कोरलेलं आहे, त्याच्या पाकळ्या मोजायला लागायचं आणि मोजता मोजता डोळा लागायचा. जागी व्हावं तर ऊन एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलेलं. वाघुळांचा वास, त्यात शेतातून येणारा धुराचा वास, आणि कुठून तरी गाईच्या गळ्यातली घंटा, तीही झोपेत चालल्यासारखी. त्या जागेत वेळ पुढे जात नव्हता, नुसता कूस बदलत होता. बुधवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मी कुणावर चिडले नाही. असं कधी झालं होतं ते आठवेना.

मंडपात आणखी एक बाई येऊन झोपायची. दुपारी, जेवणं आटोपल्यावर. दक्षिणेकडच्या दोन खांबांमध्ये गोधडीची घडी घालायची, उशाला हात, पदर तोंडावर, आणि दोन मिनिटांत गाढ. इतकं गाढ झोपलेलं माणूस मी पूर्वी पाहिलं नव्हतं. चिमण्या तिच्या पायाजवळ येऊन टिपत. चार-साडेचारला उठायची, माझ्याकडे बघून थोडं हसायची, आणि गोधडी काखेत मारून खाली गावात जायची. मी तिला काही विचारलं नाही. खरं तर मी तिला त्या दगडांमध्येच धरलं होतं.

आणि लेकुरवाळी होती. पडलेल्या तिसऱ्या देवळाच्या चौथऱ्याला टेकवून ठेवलेली कंबरभर उंचीची मूर्ती. मांडीवर मूल, हातात फळ, गळ्यात पदरांवर पदर माळा. बायका तिला लेकुरवाळी म्हणतात. तिचं डोकं नाही, कधीच गेलं. मानेवर काळ्या मातीचा नारळाएवढा गोळा थापलेला. गोळ्यावर दोन आडव्या रेघा, खाली एक बारीक भोक. माती वाळून तडकलेली, ओघळ खाली माळांवर आलेले, आणि त्या ओघळांखाली कोरीव काम बुजलेलं.

गुरुवारी रात्री जेवताना मी आजींना व्याख्यान दिलं. देवळांना ऑइलपेंट फासतात, शिल्पांवर शेंदराचे थर चढवतात, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावतात, हा आपल्याच आजोबा-पणजोबांच्या हातांचा अपमान आहे, वगैरे. आजी भाकरी थापत होत्या. "खरं हाये," म्हणाल्या. "मोठा रंग देला तिकडच्या मारुतीले. आता तो पेट्रोलपंपासारखा दिसते." आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यात मला वाटलं की आजी माझ्या बाजूच्या. मातीच्या गोळ्याचं मी त्यांना विचारलंच नाही. मला उत्तर माहीत होतं ना.

शुक्रवारी दुपारी बावडीतून बाटली भरून आणली, पिशवीतला दात घासायचा जुना ब्रश घेतला, 'आधी'चा फोटो काढला, आणि लेकुरवाळीपुढे मांडी घालून बसले. गोळ्याची माती पाणी पिऊन फुगली, मग मऊ झाली, मग बोटांवरून निघून गेली. चार बाटल्या लागल्या. पाणी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ. एकेक मणी वर यायला लागला. पहिली माळ, दुसरी, मग छातीवर रुळणारं पदक, त्यात नखाएवढं फूल. मी किती आनंदात होते काय सांगू. मधूनच मागे वळून त्या झोपलेल्या बाईकडे बघायचे. ती उठली की तिला दाखवीन, म्हणेन, बघा, तुमच्या गावात काय आहे आणि तुम्ही कशानं झाकलं होतं.

ती उठली. गोधडी काखेत घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"धुतलं?" तिनं विचारलं.

"हो! बघा ना, केवढं सुंदर..."

"हौ. चांगलं धुतलं." एवढं म्हणून ती परत मंडपात गेली, गोधडी पसरली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी साडेचारला ती उठली नाही. अंधार पडायच्या आधी तिची वहिनी कडेवर तिची दीड वर्षाची पोर घेऊन तिला शोधत वर आली, लेकुरवाळीची मान बघितली, आणि तिच्या तोंडून "बाई वं!" असं निघालं ते मी अजून ऐकते.

आजींनी मला खाटेवर बसवलं आणि सांगितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गावात सासरहून माहेरी आलेली बाई, तिला राहायचं असेल तर, पहिला कापूस घरात आल्यावर शेतातली काळी माती आणते आणि लेकुरवाळीला डोकं करते. चेहरा तिच्या मनाचा. कुणी सरकीचे डोळे लावतं, कुणी कवड्या. ते डोकं मानेवर आहे तोवर त्या बाईला सासरी कधी जाणार हा प्रश्न कुणी करायचा नाही. बापानं नाही, भावानं नाही, सासरच्यांनी नाही, दुकानात तेल मोजून देणाऱ्यानंही नाही. नवऱ्यानं भेटायला यावं, जेवावं, जावं. मृगाच्या पावसात डोकं विरघळतं, तेव्हा बोलणं सुरू. एका वर्षात एकच डोकं, एकाच बाईचं. कुणी आलं नाही तर लेकुरवाळी त्या वर्षी बिनडोक्याची. यंदाचं डोकं मंडपात झोपणाऱ्या त्या बाईचं होतं.

"आणि मधेच अवकाळी आला तर?" मी विचारलं.

"तं तिचं नशीब."

मी उठले. परसात काळी माती होती, घमेलं होतं. मी नवीन डोकं करायला निघाले होते. आजींनी माझं मनगट धरलं. "एका सालात एकच, पोरी. आन् तुह्या हाताचं गावातल्या बायाईले चालन काय? तू काय देवीले पावडर लावून तयार करून राह्यली?"

शनिवारी सकाळी चौथऱ्याजवळ दहा-बारा बायका जमल्या. तिचा भाऊही आला, खाली मान घालून कडेला उभा राहिला. भाऊ वाईट माणूस नव्हता. शेतातून येताना आठवणीनं तिच्यासाठी बोरं आणणारा माणूस. पण लोक विचारायला लागले की उत्तर त्याला द्यावं लागणार होतं. मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"हे मॅडम वर्धेच्या हायेत," एकजण म्हणाली. "अन्यायाच्या विरोधात भाषण करते म्हणे."

"मंग करा नं मॅडम. बोला. कोनाच्या विरोधात बोलता?"

"टूथब्रशच्या," दुसरी म्हणाली, आणि त्या हसल्या. मी मेल्यासारखी झाले. मग माझ्या लक्षात आलं की त्या हसून हसून वेळ काढताहेत, कारण पुढचं बोलणं कुणालाच सुरू करायचं नव्हतं.

मीच सुरू केलं. मी म्हटलं, डोकं पावसानं गेलेलं नाही, मी पाडलं. चूक माझी, तिची नाही. म्हणून पावसापर्यंतची मुदत तशीच धरा.

"बरोबर हाये," आजी म्हणाल्या. "वरून पडलं नाई तं तो पाऊस नोय."

"आन् त्या साली गारपिटीनं गेलतं तं तुमीच म्हणत होत्या, गेलं तं गेलं," एक म्हातारी पलीकडून म्हणाली. तिच्या स्वतःच्या लेकीनं कधीकाळी डोकं केलं होतं, हे मला नंतर कळलं. "माह्या लेकीच्या वक्ताले एक नियम, इच्या वक्ताले दुसरा? काऊन वं? पाणी ते पाणी. बाटलीतून पडो का ढगातून."

"गार देवानं धाडली होती. हे बाई एसटीनं आली."

"एसटी बी देवच धाडते. नाई तं आपल्या गावाले येते काय कधी टायमावर?"

परत हसू. पण हसण्याच्या खालचं वजन त्या म्हातारीच्या बाजूला सरकलं होतं, ते दिसत होतं. तिच्या लेकीला तेव्हा सासरी जावं लागलं होतं. त्या गोष्टीवर आज कुणी चूक म्हणून बोट ठेवायला तयार नव्हतं. अर्ध्या बायका एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे, आणि निकाल काहीच न देता सगळ्या कापसाला गेल्या. निकाल न देणं हाच निकाल होता. भावाला आता कुणी विचारलं तर लेकुरवाळीकडे बोट दाखवायला काही उरलं नव्हतं. त्यानं जाता जाता मला एवढंच म्हटलं, "तुमी वाईट वाटून घेऊ नका, ताई. तुमाले माहीत नव्हतं." मला माहीत नव्हतं, हीच तर बाब होती. मला विचारता येत होतं.

त्या दुपारी ती नेहमीसारखी मंडपात आली. झोपली नाही, खांबाला टेकून बसली. छतातलं कमळ, खाली आम्ही दोघी, आणि बाहेर ऊन इतकं स्थिर की पळसाच्या कळ्याही त्यात रुतून बसल्यासारख्या. मी मनात पत्रक लिहायला घेतलं होतं. पहिली ओळ पाहिजे होती. मी तिला विचारलं, "मारतो का तो?"

"नाई."

"सासू छळते?"

"गुडघे गेले बिचारीचे. छळन काय ते."

"दारू? दुसरी बाई?"

ती हसली. "तुले पाह्यजे काय? एखादी शोधू काय त्याच्यासाठी?"

"मग तू आलीस कशाला?"

 एक वाघूळ सैल झालं, मंडपात एक फेरी मारून परत अंधारात लटकलं.

"मले झोपायचं होतं," ती म्हणाली.

तीन वर्षं. पहाटे चारला पाणी येतं तेव्हा उठायचं. मग दूध, डबे, सासूचा शेक, शेत, पोर झाल्यापासून रात्रीही पोर. नवरा चांगला, पण त्याला ते दिसत नाही, कारण तो उठतो तेव्हा चहा झालेला असतो. एक दिवस ती चुलीपुढे बसल्या बसल्या झोपली आणि पदराला धग लागली. कुणाला काही झालं नाही. सगळे हसले. ती माहेरी आली तेव्हा तिला विचारलं, काय झालं, तर तिला सांगता येईना. काहीच झालं नव्हतं. म्हणून तिनं माती आणली. डोक्याला डोळे केले ते मिटलेले, तुरीच्या काडीनं दोन आडव्या रेघा. त्या रेघा मला भेगा वाटल्या होत्या.

"पावसापर्यंत झोपणार होती," ती म्हणाली. "मंग गेलीच असती. कोनी म्हटलं नसतं तरी गेली असती. आंगातली झोप पुरी झाली असती तं."

मी म्हटलं, मी लिहीन. मी छापीन. मी तुझ्या सासरी येऊन बोलेन.

"काय लिहशील? बाईले झोप येते म्हणून? लोक हासतीन वं." मग म्हणाली, "लिहजो तुले लिहायचं तं. माह्यं नाव नको."

रविवारी सकाळी नवरा आला. बातमी पोचायला अशा गावात फोनही लागत नाही. मोटरसायकलला संत्र्याची पिशवी अडकवलेली. लांबूनच मी त्याच्यावर चिडायची तयारी केली होती, आणि जवळ आला तर उन्हानं काळवंडलेला, संकोचलेला, माझ्याच वयाचा माणूस. तो लेकुरवाळीसमोर चप्पल काढून उभा राहिला. मान बघितली. मी पुढे होऊन सांगितलं, हे मी केलं, दिवस भरलेले नाहीत, तुम्ही तिला नेऊ शकत नाही.

"मी कुठं न्यायले आलो," तो म्हणाला. "मी पाहायले आलो. पण मॅडम, डोकं तं नाई न." आणि मग, जसं काही त्याला स्वतःलाच ते आत्ता सुचलं, "माय चूल पेटवते ना, तं तिले खाली बसता येत नाई. उभ्यानं सयपाक करते."

हे वाक्य तिनं मंडपातून ऐकलं. ती बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नाही, कौतुक नाही. सासू उभ्यानं स्वयंपाक करते हे तिला दिसलं असणार, आणि एकदा दिसल्यावर झोप कुठली. मुदत होती तोवर ते वाक्य बोलायची त्याला बंदी होती. नुसती मातीची बंदी, पण होती.

"चार वाजेपर्यंत थांब," ती नवऱ्याला म्हणाली.

"हौ," तो म्हणाला.

तो कडुनिंबाखाली बसला. मला त्यानं दोन संत्री दिली, मी घेतली, सोलली नाहीत. ती मंडपात गेली, दक्षिणेकडच्या दोन खांबांमध्ये गोधडी पसरली, पदर तोंडावर घेतला. पोरगी वहिनीजवळ खाली घरी होती. त्या दिवसाचं ऊन मला नीट आठवतं. ते एका खांबावरून उतरलं, फरशीवर आलं, तिच्या पायांपर्यंत सरकलं आणि घोट्यांवर चढलं. ती हलली नाही. कोणी हललं नाही. तो बसला होता, मी बसले होते, बिनडोक्याची लेकुरवाळी बसली होती, स्वच्छ, एकेक मणी मोजता येईल अशी. कुठूनतरी कापूस वेचणाऱ्या बायकांचं बोलणं वाऱ्यावर येत होतं, शब्द लागत नव्हते. एकदा त्यानं खिशातून फोन काढला, वेळ बघितली, परत ठेवला. चार वाजले. तो उठला नाही. सव्वाचार झाले. मी त्याच्याकडे बघितलं तर तो जमिनीकडे बघत होता. साडेचारला ती आपणहून उठली, गोधडीची घडी केली, काखेत मारली.

वहिनीनं पोरगी वर आणून दिली. मोटरसायकलवर पुढे टाकीवर पोरगी, मध्ये तो, मागे ती. पायवाटेच्या वळणावर तिनं मागे बघितलं नाही. आजी म्हणाल्या, "मृगापर्यंत चार महिने हायेत अजून," आणि झाडू घेऊन मंडपात शिरल्या.

मी सोमवारी वर्ध्याला आले. 'नंतर'चा फोटो फार सुंदर आला आहे. मी तो कुणाला दाखवलेला नाही.

आता मागणी. ही कचेरीकडे नाही, तुमच्याकडे आहे, हे वाचणाऱ्याकडे. तुमच्या घरात एक बाई आहे जी बसल्या जागी डुलकी घेते आणि तुम्ही तिला हसता. आज जेवणं झाली की ताटं तुम्ही उचला. ती आडवी झाली की दार ओढून घ्या. पोर रडलं तर तुम्ही घ्या, फोन वाजला तर तुम्ही उचला, पाहुणे आले तर चहा तुम्ही ठेवा. तिला काय झालंय ते विचारू नका, काही झालेलं असायची गरज नाही. आणि ती कधी उठणार, हे तर अजिबात विचारू नका.